पाकीट वाचता, पण हिंगाची डबी?

पत्र : "माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांपूर्वी सीलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार. वजन वाढत नव्हतं, हिमोग्लोबिन सारखं कमी. शेवटी रक्ततपासणी आणि एण्डोस्कोपी झाली. तेव्हापासून तिची पोळी, ब्रेड, बिस्किटं बंद आहेत. दुकानात प्रत्येक पाकीट उलटून वाचते, गहू किंवा मैदा दिसला की परत ठेवते. तरी परवाच्या रिपोर्टात टीटीजीचा आकडा दोनशेवरून एकशे साठवरच आलाय. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय, शोधा. सासूबाई म्हणतात, 'एवढ्याशाने काय होतंय? तिचं पोट तरी कुठे दुखतंय?' सासरे म्हणतात, घरच्या रानातली खपली आहे, ती चालते. आता श्रावण चालू आहे, पुढे गणपती. माझं वाचायचं नेमकं काय राहतंय? – एक आई, कराड"

ताई,

आधी तो आकडा. दोनशेवरून एकशे साठ हा उतारच आहे, तेव्हा सहा महिने फुकट गेले असं मनात आणू नका. टीटीजी म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं मोजमाप. गहू बंद केला म्हणून ती लगेच नाहीशी होत नाहीत. काही मुलांचा आकडा नॉर्मलला यायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण प्रत्येक लॅबचं माप वेगळं असतं. पण डॉक्टरांना उतार कमी वाटतोय, तर शोधायलाच हवं. आणि तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं, शोध दुकानापेक्षा घरातच जास्त घ्यावा लागेल. तुम्ही पाकिटं वाचता, पण मराठी घरात जे शिजतं त्यातलं निम्मं पाकिटातून येतच नाही.

तरी आधी पाकिटाचं संपवू, कारण तिथेही एक-दोन गोष्टी सुटल्या असाव्यात.

तुम्ही 'गहू' आणि 'मैदा' हे दोन शब्द शोधता. ग्लुटेन गव्हात असतं, तसंच सातूत म्हणजे बार्लीत आणि रायमध्येही असतं (ही मोहरी-राई नव्हे, गव्हासारखं धान्य आहे). राय आपल्याकडे फारसं येत नाही, पण बार्ली येते, आणि ती स्वतःच्या नावाने येत नाही. ती 'माल्ट' म्हणून येते. माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्टेड बार्ली, माल्ट फ्लेवर, माल्ट व्हिनेगर. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, म्हणून आपण निर्धास्त असतो, पण बहुतेक कॉर्नफ्लेक्सना चव माल्टची असते. मुलांच्या दुधात घालायच्या कितीतरी पावडरींचा पायाच माल्ट असतो. तुमची लेक वजनाने कमी होती म्हणता, म्हणजे घरात अशी एखादी पावडर नक्की आली असणार. आज तिचा डबा उलटून बघा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. रवा पाकिटावर सुजी किंवा सेमोलिना म्हणून लिहिलेला असतो. याउलट 'माल्टोडेक्स्ट्रिन' या नावात माल्ट दिसतो म्हणून घाबरू नका, त्यात ग्लुटेन नसल्यातच जमा असतं. ग्लुकोज सिरप आणि डेक्स्ट्रोजचंही तसंच.

आता वाचायचं कुठे? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि बारीक अक्षरांत असते. तिच्या खाली किंवा शेजारी एक वेगळी ओळ असते, इंग्रजीत 'कन्टेन्स' या शब्दाने सुरू होणारी. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे गहू, राय, बार्ली, ओट्स, स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार) यांपैकी काही पदार्थात असेल, तर ते या ओळीत सांगावं लागतं. आधी ही ओळ वाचायची, मग यादी. दुसरी ओळ 'मे कन्टेन' अशी सुरू होते. तिच्यात गव्हाचं नाव असेल, तर पदार्थात गहू घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात गव्हाचं काम चालतं. ही ओळ असलेलं पाकीट आकडा खाली येईपर्यंत घरात आणू नका. आणि ही ओळ नाही म्हणून कारखाना स्वच्छ, असाही अर्थ काढू नका.

'ग्लुटेन-फ्री' या शब्दांना मात्र कायद्याचं वजन आहे. आपल्याकडे हे शब्द छापायचे तर पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. अमेरिकेत आणि युरोपातही हीच मर्यादा आहे. 'लो ग्लुटेन' हा वेगळा प्रकार. त्यात किलोमागे 20 ते 100 मिलिग्रॅम असू शकतं, तो तुमच्या लेकीसाठी नाही. कधी पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असतं आणि मागे 'गव्हाचं काम चालणाऱ्या कारखान्यात तयार' असंही असतं. तिथे गोंधळायला होतं. वीसची मर्यादा तयार पदार्थाला लागते, कारखान्याला नाही, म्हणून असं पाकीट तत्त्वतः चालतं. तुमच्या जागी मी मात्र सध्या ते टाळेन.

हे मिलिग्रॅम म्हणजे नेमकं किती, हे सासूबाईंना समजावायला उपयोगी पडेल. अभ्यासांतून साधारण असं दिसलंय, की सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. 50 मिलिग्रॅम रोज काही महिने गेलं तर आतड्याला इजा होते. आता एक पोळी घ्या. तिला साधारण 25 ग्रॅम कणीक लागते आणि त्यात दोन-सव्वादोन ग्रॅम, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असतं. त्या पोळीचे दोनशे तुकडे केले, तर त्यातला एकच तुकडा हे तिचं दिवसभराचं माप. पोळीच्या डब्याच्या तळाशी जो चुरा साठतो ना, तो त्याहून जास्त भरतो.

'पोट कुठे दुखतंय' हा प्रश्न सासूबाई मायेने विचारतात, हे मला कळतं. पण या आजारात पोट दुखलंच पाहिजे असं नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं तेच ओढून घेतात. ग्लुटेन गेलं की शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा त्या उंचवट्यांवर चाल करते आणि ते सपाट होतात. हे आतल्या आत चालतं. मूल हसतखेळत असतं आणि हिमोग्लोबिन उतरत असतं. तुमच्या घरात हेच झालं होतं. त्याची आठवण करून द्या, बाकी वाद नको.

खपलीचं आत्ताच मिटवून टाका. खपली हा जुना गहू आहे, आपल्या सातारा-सांगलीकडचा अभिमानाचा गहू आहे, पचायला हलका म्हणून लोक आवडीने खातात. पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. बन्सी, शरबती, खपली, यांतलं काहीही तिला चालणार नाही. सासऱ्यांनी रानातलं धान्य नातीसाठी प्रेमाने पुढे केलं, त्यांना दुखवू नका. त्याच रानात ज्वारी होत असेल तर तिच्यासाठी ज्वारीचं एक पोतं वेगळं ठेवायला सांगा. त्यांना त्याचा जास्त आनंद होईल.

'नाचणी', 'ज्वारी', 'मिलेट', 'मल्टिग्रेन' या शब्दांनीही फसायला होतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि दुकानं या पाकिटांनी भरून गेली. चांगलंच झालं ते. पण पाकिटावर पुढे नाचणीचं कणीस असतं, आणि मागे यादीत पहिल्या नंबरावर मैदा किंवा गव्हाचं पीठ. नाचणीची बिस्किटं, नाचणीच्या शेवया, मिलेट नूडल्स, यांत बहुतेक वेळा गहू असतोच, कारण त्याशिवाय पदार्थ बांधला जात नाही. ऑनलाइन मागवताना वर मोठ्या अक्षरांत 'ग्लुटेन-फ्री' दिसतं, ते बऱ्याचदा विकणाऱ्याने टाकलेलं शीर्षक असतं. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो नसेल तर मागवू नका, आणि पाकीट हातात आल्यावर पुन्हा वाचा. नेहमीचं पाकीट असलं तरी दर वेळी वाचा, कंपन्या घटक बदलतात. ओट्सचं सांगायचं तर सध्या नकोच. शुद्ध ओट्स बहुतेकांना सोसतात, पण साधे ओट्स गव्हाबरोबर मिसळलेले असतात. आकडा नॉर्मल झाल्यावर डॉक्टरांना विचारून, आणि तेव्हाही ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच.

आता घरात येऊ.

माझ्या मुलाला हा आजार निघाला त्याला अकरा वर्षं झाली. मी आहारतज्ज्ञ, तरी पहिले काही महिने त्याचं पोट बिघडलं की मी त्याला मऊ भात आणि मेतकूट द्यायची. माझ्या आईने मला दिलेलं, तेच मी त्याला देत होते. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहूही भाजून दळतात, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण 'गहू' म्हटलं की डोळ्यांपुढे पोळी यायची, मेतकूट यायचंच नाही. बरं वाटावं म्हणून मी त्याला तेच देत होते ज्याने तो आजारी होता. ते अजून मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला हे इतकं लांबवून सांगतेय. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू आणि डाळं असतं. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. ज्वारीची भाकरी तुटू नये म्हणून काही घरांत मूठभर कणीक मिसळतात, सासूबाई मिसळतात का ते सहज विचारून घ्या.

आणि हिंग. माझा सगळ्यात जास्त संशय तिथेच आहे.

शुद्ध हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा डिंकासारखा चीक. तो इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही, म्हणून डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. आपल्या डबीतला हिंग हा असा मिसळलेला हिंग असतो. ते पीठ कधी तांदळाचं असतं, पण पुष्कळदा गव्हाचं. आता हिशोब बघा. चिमूट म्हणजे पाव ग्रॅम धरू, त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरू, तर एका फोडणीत दहा-बारा मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. ते पाच माणसांत वाटलं गेलं तर लेकीच्या वाट्याला दोन-अडीच. एका वरणाने काही बिघडणार नाही. पण वरण, भाजी, कोशिंबीर, दोन्ही वेळा, वर लोणचं आणि पापड, असं धरलं की तिचं दिवसाचं माप फोडणीतच संपतं. तेही रोज. डबीवरची 'कन्टेन्स'ची ओळ वाचा. गहू असेल तर तांदळाच्या पिठातला, ग्लुटेन-फ्री लिहिलेला हिंग मिळतो, तो आणा. खडा हिंग घेतला तरी लेबल वाचाच, तोही मिसळलेला असू शकतो. तोवर जिरं, लसूण, कढीपत्ता यांवर फोडणी करा. विकतचं लोणचं, पापड, सांबार मसाला, गोडा मसाला, फरसाण, या सगळ्यांत हिंग असतो. घटकांत नुसतं 'हिंग' किंवा 'असाफेटिडा' लिहिलेलं असलं, तर तो कुठल्या पिठातला हे अ‍ॅलर्जीच्या ओळीवरूनच, म्हणजे 'कन्टेन्स'वरूनच कळेल. सुट्या फरसाणाला ती ओळ नसते, म्हणून सुटं फरसाण नको.

हिंगानंतर गिरणी. ज्वारी स्वच्छ, निवडलेली, पण ती दळली जाते गव्हाच्या मागून, त्याच दगडांत, त्याच कापडी नळीतून. सकाळी पहिलं दळण आपलं लावलं तरी काल रात्रीचा गहू आत बसलेला असतो. घरघंटी घेणं परवडत असेल तर जरूर घ्या, पण एक पथ्य पाळा: गहू गिरणीत दळायचा, बाकी सगळं घरी. लोक नेमकं उलटं करतात. घरघंटी आली की आधी कणीक दळतात, आणि मग ती तिच्यासाठी निरुपयोगी होते. घरघंटी नको असेल तर मिक्सरमध्ये दोन-चार दिवसांपुरतं पीठ होतं, किंवा ग्लुटेन-फ्री लिहिलेलं ज्वारीचं पीठ विकत मिळतं. बेसनाचंही हेच. डाळी, तांदूळ, ज्वारी निवडताना गव्हाचे दाणे सापडतात, ते काढून धान्य धुऊन घ्या.

भांड्यांत स्टीलचं काही नवं आणायला नको, घासलं की झालं. पण चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं आणि तवा तिचा वेगळा हवा. भाकरी पोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचा पापड तळू नका.

सासूबाईंना हे कसं सांगायचं? मला वाटतं, त्यांना हे आधीपासून येतं. उपवासाच्या दिवशी त्या साबुदाण्याच्या खिचडीला पोळीचा हात लागू देतात का? वरीचे तांदूळ, शिंगाड्याचं पीठ वेगळ्या डब्यांत ठेवतात, फोडणी तुपा-जिऱ्याची करतात, हिंग घालत नाहीत. सीलिअ‍ॅकचं स्वयंपाकघर असंच चालतं. त्यांना म्हणा, "आई, तिचं ताट रोज उपवासासारखं वेगळं ठेवायचंय, आणि ते तुमच्याइतकं चोख मला जमणार नाही." काम त्यांच्या हाती द्या. तपासणी करणारी सून आणि चुका करणारी सासू अशी वाटणी झाली, तर वर्षभरात दोघी थकाल. हां, रोज फराळाचेच पदार्थ देऊ नका. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं आणि तिला लोह हवंय. ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकऱ्या, उसळी, पालेभाज्या, अंडी चालत असतील तर अंडी, शेंगदाण्या-तिळाच्या चटण्या. महागडा ग्लुटेन-फ्री ब्रेड कधीतरी हौसेला. रोज खाण्यासारखं त्यात काही नाही.

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं हा प्रश्न श्रावणात येणारच. तुमच्या घरची पूजा असेल तर शिरा वरीचा करा, सगळ्यांनाच तोच वाटा. दुसऱ्यांकडे गेलात तर तिला तीर्थ आणि केळं घेऊ द्या. हे उत्तर तिचं तिला देता आलं पाहिजे: "मला गहू चालत नाही, मी केळं घेते." शाळेत वाढदिवसाचा केक येतो, तेव्हासाठी बाईंकडे तिच्या राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा ठेवून द्या.

दोन गोष्टी डॉक्टरांकडच्या. तिला लोहाच्या गोळ्या, टॉनिक चालू असेल तर त्यात गव्हाचं स्टार्च किंवा माल्ट नाही ना, हे विचारा. आणि तुमची, तिच्या बाबांची, भावंडं असतील तर त्यांचीही टीटीजी तपासणी करून घ्या, कारण रक्ताच्या नात्यात या आजाराची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. ती तपासणी होईपर्यंत तुम्ही सगळ्यांनी गहू खात राहायचं. आधी बंद केला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो.

राहिला गणपती. तुमच्याकडे तळणीचे मोदक होत असतील, पारी कणकेची किंवा रव्या-मैद्याची. यंदा सगळ्या घरालाच उकडीचे करा, म्हणजे तिचं वेगळं ताट मांडायला नको. पण विकतची मोदकाची पिठी किंवा गिरणीतली पिठी घेऊ नका. आंबेमोहोर किंवा बासमती तांदूळ धुवा, सावलीत फडक्यावर वाळवा, मिक्सरमध्ये बारीक करा आणि तिच्या नव्या चाळणीने चाळा. एकवीस मोदकांना दोन-तीन वाट्या पिठी पुरते. आरतीनंतरच्या खिरापतीला खोबरं, खारीक, खसखस, बदाम, खडीसाखर आहेच. यातलं सगळं ती सगळ्यांच्या ताटातून घेऊन खाऊ शकते.